पोटाशी दिलेला चेंडू

अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात एक गोष्ट सतत घडत असते आणि तिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे वळतो, शेजारून धावत निघालेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी तो टेकवतो आणि रिकाम्या हातांनी पुढे निघून जातो. हा हँडऑफ. एक संघ एका सामन्यात साधारण पंचवीस वेळा तरी चेंडू घेऊन धावतो आणि त्यातल्या बहुतेक धावांची सुरुवात अशीच होते. लांब पासला टाळ्या मिळतात, जोरदार टॅकलला आरोळ्या मिळतात. हँडऑफच्या वाट्याला काहीच येत नाही.

मात्र तो एकदा चुकला की पुढचे कित्येक दिवस दुसरा विषय नसतो. न्यूयॉर्कमध्ये 1987 साली डब्ल्यूएफएएन हे चोवीस तास फक्त खेळावर बोलणारं रेडिओ केंद्र सुरू झालं. तेव्हापासून तिथले चाहते फोनवरून हाच खटला पुन्हा पुन्हा चालवत आले आहेत. क्वार्टरबॅकने चेंडू नीट दिला नाही, की बॅकने नीट घेतला नाही? त्याच्या पाठोपाठ दुसरा, जास्त कडवट प्रश्न येतो: या क्वार्टरबॅकवर भरवसा ठेवायचा की नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं, असं चाहते धरून चालतात. मला ते पटत नाही. त्यासाठी आधी हँडऑफ नेमका कसा होतो ते पाहायला हवं.

खेळाचे नियम थोडक्यात सांगायचे तर, अकरा जणांच्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीची सुरुवात सेंटर नावाचा खेळाडू करतो. तो ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू मागे देतो, हा स्नॅप. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि त्याच क्षणी समोरचे अकरा जण त्याच्यावर चालून येतात. हातातला चेंडू निसटून जमिनीवर पडला तर तो फंबल, आणि पडलेला चेंडू जो आधी ताब्यात घेईल त्याचा. चेंडू 28 सेंटिमीटरच्या आसपास लांब, दोन्ही टोकांना निमुळता आणि वजनाने जेमतेम सव्वाचारशे ग्रॅमपर्यंतचा. तो जमिनीवर आपटला की कुठे उसळेल याचा नेम नसतो, म्हणून खाली पडलेला चेंडू कुणाला मिळणार हा बराचसा नशिबाचा भाग आहे, असं आकडेवारीचे अभ्यासकही मानतात.

आता हँडऑफ. क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे उभा असेल तर दोन्ही तळव्यांच्या टाचा एकमेकींना चिकटवून तो हात सेंटरच्या खाली धरतो. पास फेकणारा हात वर, दुसरा खाली. चेंडू वरच्या तळव्यावर थाडकन आदळतो. तो लगेच पोटाशी ओढून घ्यायचा, पक्की पकड झाल्याची खात्री करायची आणि मगच वळायचं, हा पहिला धडा. नवशिके इथेच घाई करतात. चेंडू पुरता हातात बसण्याआधीच त्यांचे पाय वळलेले असतात.

बॅकचं काम वेगळं आहे. क्वार्टरबॅकच्या बाजूचं कोपर त्याने वर उचलायचं, इतकं की हात छातीसमोर आडवा येईल. दुसरा हात पोटाशी, तळवा वरच्या दिशेने. या दोन हातांच्या मधली पोकळी म्हणजे चेंडूची जागा. जवळचं कोपर खाली राहिलं तर येणारा चेंडू त्याच्यावरच आपटतो. शाळकरी संघांत हँडऑफ फसतात त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. बॅकने चेंडूकडे बघायचं नाही आणि तो ओढूनही घ्यायचा नाही. त्याची नजर समोरच्या धिप्पाड खेळाडूंमध्ये कुठे फट पडते आहे तिच्यावर. पोटाला चेंडूचा स्पर्श झाला की वरचा आणि खालचा हात मिटायचे, बस्स.

म्हणजे घेणारा एका अर्थी आंधळा असतो, आणि म्हणूनच चेंडू जागेवर पोचवण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. बॅक थोडा दुरून गेला तर क्वार्टरबॅकने पाऊल लांब टाकून त्याला गाठायचं, लवकर आला तर वळण आवरतं घ्यायचं. या भेटीच्या जागेला ‘मेश पॉइंट’ म्हणतात. ती ठरते दोघांच्या पावलांच्या हिशेबावर, हातांवर फारशी नाही. सराव बघताना प्रशिक्षकाची नजर खेळाडूंच्या बुटांकडे असते ती याच कारणाने.

एका हाताने द्यावा की दोन हातांनी, हा वाद चाहत्यांचा आवडता आहे. दोन हातांनी दिलेला चेंडू सुरक्षित, पण त्यासाठी सगळं अंग बॅककडे वळवावं लागतं आणि पोच कमी पडते. मैदानाच्या कडेकडे पळणाऱ्या बॅकला गाठायचं तर एक हात लांबवण्याखेरीज इलाज नसतो. पेटन मॅनिंग इंडियानापोलिसकडून खेळायचा तेव्हा एजरिन जेम्सच्या दिशेने असाच हात लांब करून धावायचा. कधी चेंडू द्यायचा, कधी देण्याचं सोंग करून तो मांडीमागे लपवायचा आणि पास फेकायचा. हे सोंग जमायला खरा हँडऑफ दर वेळी हुबेहूब तसाच दिसावा लागतो. ‘हँडऑफ काय, कुणीही देईल’ असं म्हणणाऱ्यांनी मॅनिंगचे जुने सामने केवळ त्याच्या पावलांसाठी बघावेत.

या विषयावरचा सगळ्यात मोठा खटला 19 नोव्हेंबर 1978 या तारखेचा आहे. स्थळ न्यू जर्सीतलं ईस्ट रदरफर्ड, जायंट्स स्टेडियम. न्यूयॉर्क जायंट्स 17, फिलाडेल्फिया ईगल्स 12. शेवटचं दीड मिनिट उरलेलं असताना जायंट्सनी ईगल्सचा पास अडवला आणि चेंडू मिळवला. ईगल्सकडे घड्याळ थांबवण्याची एकही संधी शिल्लक नव्हती. जायंट्सना फक्त वेळ काढायचा होता. प्रेक्षक वाहनतळाकडे निघाले होते, टीव्हीच्या पडद्यावर कार्यक्रमाची श्रेयनामावली सरकत होती.

आज अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू घेऊन एक गुडघा टेकतो आणि चाल तिथेच संपते. त्या काळी गुडघा टेकणं थोडं भेकडपणाचं मानलं जायचं, आणि समोरच्या संघाला ते झोंबायचंही. जायंट्सच्या क्वार्टरबॅकने, जो पिसार्चिकने, आधीच्या एका चालीत चेंडू घेऊन जमिनीवर अंग टाकलं, तेव्हा ईगल्सचा लाइनबॅकर बिल बर्गी सेंटर जिम क्लॅकवर तुटून पडला. बाचाबाची झाली. जायंट्सचा आक्रमणाचा प्रशिक्षक बॉब गिब्सन याला हे नको होतं. क्वार्टरबॅकला उगाच इजा व्हायची, त्यापेक्षा सरळ फुलबॅक लॅरी झॉन्काकडे चेंडू देऊन धावायला लावावं, असं त्याने ठरवलं. वरून निरोप आला: हँडऑफ, झॉन्काला.

झॉन्का म्हणजे साधा माणूस नव्हे. 1972 साली एकही सामना न हरलेल्या मायामी डॉल्फिन्स संघाचा तो आधारस्तंभ, आणि पुढच्या हंगामाच्या सुपर बोलमधला, म्हणजे अंतिम सामन्यातला, सर्वोत्तम खेळाडू. चेंडू सांडण्यासाठी त्याची ख्याती कधीच नव्हती. घोळक्यात उभ्या असलेल्या खेळाडूंना निरोप ऐकून धक्का बसला. चाल बदल, असं ते पिसार्चिकला म्हणाले. मला चेंडू देऊ नकोस, असं झॉन्काने स्वतः बजावल्याचं नंतर सांगितलं गेलं. पण सांगितलेली चाल बदलल्याबद्दल पिसार्चिकने आधी एकदा गिब्सनची बोलणी खाल्ली होती. त्याने हुकूम पाळला.

31 सेकंद उरले होते. झॉन्का आपल्या जागी नीट उभा राहिला की नाही हे पिसार्चिक मागे वळून बघत असतानाच क्लॅकने चेंडू दिला. चेंडू हातात आला, पण बसला नाही. पिसार्चिक तशाच अर्धवट पकडीने वळला. तोवर झॉन्का भेटीच्या जागेवरून पुढे सरकला होता. चेंडू त्याच्या कमरेच्या हाडावर आपटला आणि खाली पडला. पिसार्चिकने त्याच्यावर झेप घेतली, पण तो उसळून निसटला. ईगल्सचा कॉर्नरबॅक हर्मन एडवर्ड्स तिथे धावत येतच होता. त्याने एका टप्प्यात चेंडू उचलला आणि 26 यार्ड पळत जाऊन गोलरेषा ओलांडली, म्हणजेच टचडाउन केला. ईगल्स 19, जायंट्स 17.

फिलाडेल्फियात या प्रसंगाला चमत्कार म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये तो नुसता ‘फंबल’ या नावाने ओळखला जातो.

आता यात चूक कुणाची? त्या रात्री स्टेडियमबाहेर नाव एकच होतं, पिसार्चिक. हँडऑफचं तंत्र बघितलं तर ते चूकही नाही. चेंडू पोटाशी बसवण्याआधी तो वळला, हा पहिल्या धड्यातलाच दोष. पण मागे जाऊन बघा. स्नॅप आला तेव्हा तो तयार नव्हता. झॉन्काने कोपर उचलून जागा केली असेल, तरी तो भेटीच्या क्षणापुढे निघून गेला होता, आणि ज्या माणसाला चेंडू नकोच होता त्याच्याकडून किती उत्साहाची अपेक्षा करायची? मुख्य म्हणजे ही चालच करायला नको होती. गिब्सनला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं आणि त्याला फुटबॉलमध्ये पुन्हा काम मिळालं नाही. मुख्य प्रशिक्षक जॉन मॅकव्हे यांचा करार हंगामाअखेर वाढवला गेला नाही. क्लबने निकाल दिला तो प्रशिक्षकांविरुद्ध. चाहत्यांनी मात्र पिसार्चिकला माफ केलं नाही, आणि मालकांनाही. डिसेंबरमध्ये स्टेडियमबाहेर हंगामी तिकिटांची होळी झाली. एका सामन्यादरम्यान मैदानावरून एक छोटं विमान गेलं, त्याच्या मागे फलक फडकत होता: पंधरा वर्षांचं भिकार फुटबॉल, आता पुरे.

मला हा फलक त्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात समंजस उद्गार वाटतो. चेंडू एका दुपारी पडला, पण राग पंधरा वर्षांचा होता. 1979 साली जॉर्ज यंग महाव्यवस्थापक म्हणून आले. त्यांनी कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्याच फटक्यात मोरहेड स्टेट नावाच्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या विद्यापीठातून फिल सिम्स हा क्वार्टरबॅक उचलला आणि चाहत्यांनी त्याचीही हुर्यो उडवली. जानेवारी 1987 मध्ये याच सिम्सने सुपर बोलमध्ये 25 पैकी 22 पास अचूक दिले. पिसार्चिक 1980 मध्ये चक्क फिलाडेल्फियाकडे गेला आणि तिथे काही हंगाम राखीव क्वार्टरबॅक म्हणून राहिला. एडवर्ड्स पुढे न्यूयॉर्क जेट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. जेट्सचं घरचं मैदान तेव्हा तेच जायंट्स स्टेडियम होतं.

खेळ मात्र त्या दिवसानंतर कायमचा बदलला. गुडघा टेकण्यातली लाज गेली. त्यासाठी खास मांडणीच तयार झाली: सेंटरच्या दोन्ही बाजूंना खेळाडू खेटून उभे, क्वार्टरबॅकच्या शेजारी दोन विश्वासू माणसं, आणि सगळ्यांच्या मागे, बरंच दूर, एक वेगवान खेळाडू नुसता उभा. चेंडू निसटलाच आणि कुणी उचलून पळालाच, तर त्याला अडवायला.

यानंतरचा भाग हिशेबाचा, आणि चाहत्यांचे वाद खरे अडतात ते इथे. फंबल म्हणजे ताब्यातला चेंडू गमावणं. हँडऑफमध्ये चेंडू बॅकच्या हातांत बसण्याआधीच पडला, तर त्याचा ताबा बॅककडे गेलेलाच नसतो. नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर होते. क्रिकेटमध्ये दोघांच्या गोंधळातून रन-आऊट झाला की धावफलकावर बाद म्हणून एकाचंच नाव लागतं, तसाच हा प्रकार. हाक कुणी दिली आणि कुणी ऐकली नाही, हे धावफलक सांगत नाही.

गंमत अशी की हे फंबल क्वार्टरबॅकच्या नावावर लागतात, पण ज्या आकड्यावर त्याची किंमत ठरते त्यात ते दिसत नाहीत. एनएफएल या व्यावसायिक लीगने 1973 पासून वापरलेलं पासर रेटिंग चार गोष्टी मोजतं: अचूक पास, यार्ड, टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्याने अडवलेले पास. कमाल आकडा 158.3. हँडऑफ चुकवून संघाचा सामना घालवला तरी हा आकडा तसूभरही हलत नाही. ईएसपीएनने 2011 साली काढलेल्या निर्देशांकात फंबलही धरले जातात, पण रेडिओवर फोन करणारा चाहता अजूनही जुनाच आकडा तोंडपाठ म्हणून दाखवतो. विश्वासार्हतेची चर्चा अशा मापाने चालते, ज्यात चेंडू सांभाळण्याचा रकानाच नाही.

जायंट्सचाच आणखी एक क्वार्टरबॅक घ्या. जानेवारी 2001 मध्ये केरी कॉलिन्सने मिनेसोटाविरुद्ध 381 यार्ड आणि पाच टचडाउनचे पास दिले, संघ 41-0 असा जिंकला आणि सुपर बोलला पोचला. पुढच्याच हंगामात या माणसाने 23 फंबल केले. एका हंगामातला हा विक्रम आहे आणि त्यात त्याचा भागीदार एकच, 2002 मधला मिनेसोटाचा डॉन्टे कलपेपर. बरं, कॉलिन्स विश्वासाचा की बिनविश्वासाचा? ज्या चाहत्याने 41-0 डोळ्यांनी पाहिलं त्याला कितीही आकडे दाखवा, तो मानणार नाही. मानू नये, असंही मी म्हणेन. कारण क्वार्टरबॅकचे बहुतेक फंबल हँडऑफमध्ये होतच नाहीत. पास द्यायला तो मागे उभा असतो, अंध बाजूने कुणीतरी येऊन हातावर फटका मारतो आणि चेंडू उडतो. तिथे प्रश्न पकडीचा असतो, समोरच्या फळीने किती वेळ दिला याचा असतो, आणि चेंडू वेळेवर सोडून देण्याचाही. या सगळ्याची एकच बेरीज करून ‘याच्या हाताला लोणी लावलंय’ म्हणणं सोपं आहे.

क्वार्टरबॅक ब्रेट फार्वच्या बाबतीत तर विश्वासार्हता हा शब्दच दोन दिशांना ताणला जातो. सप्टेंबर 1992 पासून डिसेंबर 2010 पर्यंत नियमित हंगामातले सलग 297 सामने त्याने सुरुवातीपासून खेळले. बोट मोडलेलं असो, घोटा सुजलेला असो, रविवारी तो मैदानात उभा. याहून भरवशाचा माणूस कुठला? आणि कारकिर्दीत सर्वाधिक फंबलही त्याचेच, 166. सलग एवढे सामने खेळला म्हणूनच एवढे फंबल, हा त्याच्या चाहत्यांचा युक्तिवाद चुकीचा नाही, आणि पुरेसाही नाही.

24 जानेवारी 2010 चा सामना त्याच्या चाहत्यांना आठवायला आवडत नाही. फार्व तेव्हा मिनेसोटाकडून खेळत होता. सुपर बोलच्या दारातला सामना, न्यू ऑर्लिन्समध्ये. पहिला अर्धा भाग संपायला थोडा वेळ होता, दोन्ही संघ बरोबरीत, आणि यजमानांच्या रेजी बुशने किक झेलताना चेंडू सोडल्यामुळे मिनेसोटाला गोलरेषेच्या अगदी जवळ फुकटची संधी मिळाली. फार्व वळला, एड्रियन पीटरसनच्या पोटाशी चेंडू दिला, चेंडू खाली. न्यू ऑर्लिन्सने तो उचलला. सामना 28-28 असा अतिरिक्त वेळेत गेला आणि मिनेसोटा 31-28 ने हरलं.

फंबल फार्वच्या नावावर लागला. पण त्या हंगामात पीटरसनच्या स्वतःच्या नावावर सात फंबल होते, त्यामुळे अर्धे चाहते म्हणत, हात मिटायची घाई त्याने केली असणार. उरलेले अर्धे म्हणत, चाळिशीतल्या क्वार्टरबॅकने भेटीची जागा चुकवली. त्याच सामन्यात पीटरसनने तीन टचडाउन केले होते, आणि फार्वने शेवटच्या सेकंदांत दिलेला एक पास न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेसी पोर्टरने अडवला होता. लोकांना तो पास आठवतो. मला विचाराल तर गोलरेषेजवळचा तो हँडऑफ जास्त महाग पडला. पासच्या वेळी निदान मैदान लांब होतं.

हाताच्या मापाचं खूळ हा या विषयाचा विनोदी उपभाग आहे. दरवर्षी व्यावसायिक निवडीआधी तरुण क्वार्टरबॅकचा पंजा मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. नऊ इंच ही लक्ष्मणरेषा मानली जाते. 2020 मध्ये जो बरोचा पंजा नेमका नऊ इंच भरला, तेव्हा एवढ्याशा हातांतून चेंडू निसटेल म्हणून मी निवृत्तीचा विचार करतोय, अशी त्यानेच थट्टा केली. दोन वर्षांत तो सुपर बोल खेळला. 2022 मध्ये केनी पिकेटचा पंजा साडेआठ इंच भरला आणि त्यावर आठवडेच्या आठवडे चर्चा झाली. थंड, ओल्या मैदानावर लहान पंजाला चेंडू आवळणं अवघड जातं यात तथ्य आहे. पण हँडऑफ पंजाने कमी आणि पावलांनी जास्त होतो, हे वर आलंच आहे.

पावलं चुकली की काय होतं याचा नमुना जेट्सचा क्वार्टरबॅक मार्क सँचेझ याने 22 नोव्हेंबर 2012 रोजी, थँक्सगिव्हिंगच्या रात्री, सगळ्या देशासमोर घालून दिला. मैदान नवं, पण जागा जुनीच: जुन्या जायंट्स स्टेडियमच्या शेजारीच उभारलेलं मेटलाइफ स्टेडियम. बोलावलेल्या चालीबाबत घोळ झाला. सँचेझ वळला तर चेंडू द्यायला तिथे कुणीच नव्हतं. अशा वेळी जागच्या जागी खाली बसावं. त्याने पुढे धावत जाऊन घसरायचं ठरवलं आणि तो थेट स्वतःच्याच संघाच्या ब्रँडन मूरच्या पार्श्वभागावर जाऊन आदळला. चेंडू उडाला, न्यू इंग्लंडच्या स्टीव्ह ग्रेगरीने उचलला आणि 32 यार्ड पळत टचडाउन केला. न्यू इंग्लंडने 52 सेकंदांत 21 गुण लुटले. सामना 49-19. सँचेझने आपल्या पहिल्या दोन्ही हंगामांत जेट्सना सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे नेलं होतं, हे आता सांगावं लागतं. मूर तर बिचारा फक्त आपलं काम करत होता. त्याला मागे रेटणारा व्हिन्स विलफोर्क दीडशे किलोच्या आसपासचा होता.

मेटलाइफपासून न्यू जर्सीतलंच एडिसन मोटारीने तासाभराच्या आत आहे. तिथे आणि आसपास मराठी घरं पुष्कळ. तिथे वाढलेल्या मुलांच्या पिढीसाठी जायंट्स की जेट्स हा निवडीचा प्रश्न नसतो, शेजाऱ्यांकडून लागलेली सवय असते. या पिढीने जायंट्सचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स याचा खटला पहिल्यापासून ऐकला. 2019 मध्ये जायंट्सनी सहाव्या क्रमांकावर त्याची निवड केली आणि पहिल्याच हंगामात त्याने 18 फंबल केले, त्यातले 11 प्रतिस्पर्ध्यांना मिळाले. 2020 मध्ये फिलाडेल्फियात तो स्वतः चेंडू ठेवून 80 यार्ड पळाला आणि गोलरेषा समोर असताना, कुणी हातही लावला नसताना, अडखळून पडला. पुढे तो चेंडू सांभाळायला शिकला. 2022 च्या हंगामात त्याचे फक्त पाच पास अडवले गेले, जायंट्सनी मिनेसोटात बाद फेरीचा सामना जिंकला आणि मार्च 2023 मध्ये त्याला चार वर्षांसाठी 16 कोटी डॉलरचा करार मिळाला. नोव्हेंबर 2024 मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. फंबलच्या रकान्याकडे बघून त्याच्याविषयी जे भाकीत केलं गेलं ते अर्धं खरं ठरलं, अर्धं खोटं, आणि दोन्ही बाजू आपण आधीच सांगितलं होतं असं म्हणत राहिल्या.

जोन्सची ती 80 यार्डांची धाव जिथून सुरू झाली तो प्रकार हँडऑफचा नवा अवतार आहे. क्वार्टरबॅक सेंटरपासून चार-पाच यार्ड मागे उभा राहतो, बॅक त्याच्या शेजारी किंवा पाठीमागे. चेंडू आला की तो बॅकच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही. दोघांचे हात चेंडूवर असताना क्वार्टरबॅक बचावाच्या टोकाला मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या खेळाडूकडे बघतो. तो बॅककडे झेपावला तर चेंडू ओढून घेऊन स्वतः पळायचं. तो जागेवर थांबला तर बॅकला देऊन टाकायचा. रिच रॉड्रिग्ज यांनी नव्वदच्या दशकात ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात ही पद्धत घडवली. ख्रिस ऑल्ट यांनी 2005 मध्ये नेवाडा विद्यापीठात तिच्यासाठी ‘पिस्तूल’ ही मांडणी रुजवली. त्यांचाच शिष्य कॉलिन कॅपरनिक 2012 च्या हंगामात ती घेऊन सुपर बोलपर्यंत गेला.

जुन्या हँडऑफमध्ये बॅकने चेंडू लागताच हात मिटायचे. इथे तसं केलं तर क्वार्टरबॅकला तो परत ओढता येत नाही. म्हणून बॅकला हलकं आवळायला शिकवतात. चेंडू पोटात राहिला तर घट्ट, निघत असेल तर सोडून द्यायचा. हा निर्णय अर्ध्या सेकंदात, बोटांच्या दाबावरून घ्यायचा. दोघांनीही ओढला किंवा दोघांनीही सोडला, तरी चेंडू खालीच. पडद्यावर पुन्हा पुन्हा, कितीही संथ गतीने बघितलं तरी कुणाच्या बोटांनी काय सांगितलं ते दिसत नाही.

देणाऱ्यावर एवढा शाईचा सडा पडतो, की घेणाऱ्याला सुधारता येतं याकडे दुर्लक्ष होतं. जायंट्सचा रनिंग बॅक टिकी बार्बर याने 2000 ते 2003 या चार हंगामांत 35 फंबल केले. 2004 मध्ये टॉम कॉफलिन मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी आणि बॅकचे प्रशिक्षक जेरल्ड इंग्रॅम यांनी बार्बरची चेंडू धरण्याची पद्धतच बदलली. चेंडू बगलेत आडवा न ठेवता छातीशी उभा, मनगट कोपराच्या वर, कोपर बरगडीला चिकटलेलं आणि गर्दीत शिरताना दुसरा हात चेंडूवर. पुढच्या तीन हंगामांत मिळून त्याचे नऊ फंबल झाले. त्या काळात त्याला चेंडू देणारा क्वार्टरबॅक बदलत होता. कॉलिन्स गेला, 2004 मध्ये काही महिने कर्ट वॉर्नर होता, मग कोवळा एली मॅनिंग आला. 2005 च्या हंगामात बार्बर 1,860 यार्ड धावला आणि त्याच्या हातून चेंडू एकदाच सुटला.